ओव्हल, जून महिना आणि आपली फायनल

केनिंग्टनकर | १३ जून २०२३

कसोटी अजिंक्यपदाची फायनल ऑस्ट्रेलियाकडून २०९ धावांनी हरलो. रविवारपासून जिकडे बघावं तिकडे एकच विषय: अश्विनला का बसवला? त्यावरही बोलूच, पण मला आधी लंडनच्या ओव्हल मैदानाबद्दल लिहायचंय. कारण सामन्याआधी आपल्याकडचे झाडून सगळे 'ओव्हल म्हणजे घरचंच मैदान' या थाटात वावरत होते. १९७१ ला वाडेकरचा संघ इथेच जिंकला, १९७९ ला गावसकरने इथेच २२१ काढल्या, २००२ ला द्रविडच्या २१७, २००७ ला चक्क कुंबळेचं शतक आणि २०२१ ला १५७ धावांनी विजय.

सगळं खरं आहे. पण यातला एकही सामना जूनमधला नाही. सगळे ऑगस्ट-सप्टेंबरमधले.

इंग्लंडमधली पहिली कसोटी ओव्हलवर झाली, १८८० च्या सप्टेंबरमध्ये. तेव्हापासून मोसमाचा शेवट ओव्हलवर करायचा अशी रीतच पडली. ब्रॅडमन १९४८ मध्ये शेवटच्या डावात हॉलीजच्या चेंडूवर शून्यावर गेला तोही इथेच, आणि ऑगस्टमध्येच. या मैदानावर जून महिन्यात कसोटी झाली ती १४३ वर्षांत पहिल्यांदा, आणि ती नेमकी आपली फायनल.

आता महिन्याने काय फरक पडतो? ऑगस्टअखेर हा चौक, म्हणजे मैदानाच्या मधला खेळपट्ट्यांचा चौकोन, चार-पाच महिने वापरून झालेला असतो. सरेचे (इथल्या परगणा संघाचे) काउंटीचे सामने, ट्वेंटी-२०, वर उन्हाळा. खेळपट्टी कोरडी पडते, फिरकीला हात मिळतो, चौथ्या डावात चेंडू पकडून येतो. १९७१ ला चंद्रशेखरचे ३८ धावांत ६ बळी असेच नाही आले. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच चौकावर गवत ताजं असतं, खाली ओल असते. ओव्हलची उसळी मुळातच जास्त, त्यात हे.

दुसरं म्हणजे फायनल आयसीसीची असली तरी मैदान सरे काउंटी क्रिकेट क्लबचं आहे, म्हणजे सभासदांच्या क्लबचं. जमीन डची ऑफ कॉर्नवॉलची (ब्रिटिश युवराजाच्या जहागिरीची), क्लब भाडेपट्ट्याने बसलाय १८४५ पासून. तेव्हा इथे भाज्यांचे मळे होते आणि हिरवळ आणली टूटिंग कॉमनवरून. आजही तिथे वर्षभर राबणारी माणसं सरेची, सवयी सरेच्या. आयसीसी येते, 'किया' हे प्रायोजकाचं नाव झाकायला लावते, मैदान नुसतं 'द ओव्हल' होतं, पाच दिवस सगळ्या कमानी निळ्या होतात आणि मग मंडळी निघून जातात. यावेळी तेल-विरोधी आंदोलक घुसतील म्हणून एक खेळपट्टी खराब झाली तर दुसरी हवी, अशा दोन तयार ठेवल्या होत्या. एवढी काळजी घेणाऱ्यांना महिना तेवढा बदलता आला नाही.

शुक्रवारी मी मैदानात होतो. दिवसाच्या दुसऱ्याच चेंडूवर भरतचा त्रिफळा. ६ बाद १५२. माझ्या पुढच्या रांगेतल्या काकांनी तेवढ्यात डबा उघडला, म्हणाले आता हेच करायचं राहिलंय. आणि मग रहाणे आणि शार्दूल जे खेळले ते डोळ्यांसमोरून जात नाही. शार्दूलच्या हातावर कमिन्सचे चेंडू बसत होते, फिजिओ आत-बाहेर करत होता, पट्टी बांधून तो पुन्हा उभा. रहाणेने कमिन्सला हुक मारून षटकाराने अर्धशतक पूर्ण केलं. जेवणाला २६० वर ६. काकांचा डबा तसाच राहिला होता, उत्तप्पे गार. जेवणानंतर ग्रीनने गलीत एका हातात झेल घेतला आणि ८९ वर संपलं सगळं.

तर माझं म्हणणं एवढंच: आपण सप्टेंबरच्या ओव्हलसाठी मनाने तयार होतो आणि जूनच्या ओव्हलवर खेळलो. बोला.

खडूस_दादरकर | १३ जून २०२३

लेख झकास, निष्कर्ष अमान्य.

जून काय फक्त आपल्यालाच होता का? ऑस्ट्रेलियाने पहिल्या डावात १२१ षटकं खेळून ४६९ केल्या त्याच जूनमध्ये. ७६ ला ३ होते. तिथून हेड आणि स्मिथने २८५ ची भागी केली. पहिल्या दिवसअखेर ३२७ ला ३! ढगाळ हवा बघून रोहितने आधी गोलंदाजी घेतली, ठीक. पण मग पहिल्या तासात टप्पा पुढे ठेवायचा असतो हे कोणी सांगायचं? हेडला आखूड चेंडू आवडत नाही हे शेंबड्या पोराला माहीत, आपल्याला आठवलं त्याच्या शंभरीच्या आसपास.

आणि ओल, ताजं गवत वगैरे म्हणताय तर शेवटच्या डावात लायनने ४१ धावांत ४ बळी कसे घेतले? ऑफस्पिनर आहे तो. जगातला एक नंबरचा कसोटी गोलंदाज अश्विन, तोही ऑफस्पिनर, आपल्याकडे बाहेर बसून पाणी वाटत होता. महिन्याचा दोष नाही, मालक. निवडीचा दोष.

ऑरेंजसिटी | १३ जून २०२३

खडूसभाऊ, अश्विनच्या बाबतीत शंभर टक्के तुमच्या बाजूने. पण केनिंग्टनकरच्या मुद्द्यात दम आहे, आमच्या नागपूरच्या उमेश यादवचंच बघा ना. २०२१ च्या सप्टेंबरात याच ओव्हलवर दोन्ही डावांत तीन-तीन बळी. शेवटच्या दिवशी जुना बॉल काय आत आणत होता. यंदा पहिल्या डावात पाटी कोरी. माणूस तोच, मैदान तेच. मग बदललं काय?

खडूस_दादरकर | १३ जून २०२३

वय बदललं. आयपीएल संपून आठवडा झाला होता, ते बदललं. २९ मेची फायनल पावसामुळे ३० तारखेच्या पहाटेपर्यंत चालली आणि ७ जूनला कसोटी. चार षटकं टाकणाऱ्याला एकदम दिवसाला वीस टाकायला लावली की पाटी कोरीच राहणार.

अवलिया | १३ जून २०२३

आयपीएलचं कारण अर्धंच पटतं. पुजारा कुठे होता आयपीएलमध्ये? तो एप्रिलपासून ससेक्सकडून काउंटी खेळत होता, कप्तान म्हणून, खोऱ्याने धावा करत. तरी पहिल्या डावात ग्रीनचा चेंडू सोडला आणि ऑफ स्टंप गेला. गिलनेही बोलंडचा सोडला, तोही त्रिफळा. दोघंही बॅट वर करून!

पण यात एक गंमत आहे. त्याच ससेक्सकडून मे महिन्यात पुजाराच्या जोडीला कोण खेळत होतं? स्टीव्ह स्मिथ. फायनलच्या आधी हाताला वळण लागावं म्हणून मुद्दाम तीन सामन्यांसाठी आला होता. लाबुशेन ग्लॅमॉर्गनला. म्हणजे काउंटीच्या मैदानावरच्या फायनलची तयारी त्यांनी काउंटीत केली. स्मिथच्या १२१ धावांचं बियाणं ससेक्सच्या होव्हला पेरलं होतं. आपल्याकडून एकटा पुजारा. बोर्डाने चार जणांना मेमध्ये इंग्लंडला पाठवलं असतं तर? पण मग आयपीएलच्या संघमालकांना कोण तोंड देणार.

पालघरची_पोर | १३ जून २०२३

शार्दूलबद्दल कोणी दोन ओळींच्या वर लिहिणार आहे की नाही? २०२१ ला ओव्हलवर ५७ (छत्तीस चेंडूत!) आणि ६०, यंदा ५१. ओव्हलवर सलग तीन डाव, तीन अर्धशतकं. आठव्या नंबरवर. ज्याची सगळी उमेदवारी पालघर-मुंबई लोकलमध्ये किटबॅग सांभाळत झाली तो कमिन्सच्या उसळीला काय घाबरणार. लोकलमध्ये डहाणूवाल्यांच्या डब्यात चौथी सीट मागून बघा म्हणजे कळेल.

आणि दोघंही पायचीत होऊन नो-बॉलवर वाचले. रहाणे १७ वर, शार्दूल ३६ वर, दोन्ही वेळा कमिन्सच. नशीब हवंच की.

अवलिया | १३ जून २०२३

नो-बॉल आणि ओव्हलची फायनल! जुनी जखम उघडलीस. १८ जून २०१७, चॅम्पियन्स ट्रॉफी फायनल, हेच मैदान. बुमराचा चेंडू, फखर झमान ३ वर मागे झेल, आणि पाय रेषेपुढे. मग त्याने ११४ केल्या, पाकिस्तान ३३८, आपण १५८ मध्ये गार. हार्दिकच्या ७६ सोडल्या तर तोंड दाखवायला जागा नव्हती.

म्हणजे केनिंग्टनकर, जूनमध्ये ओव्हलवर आपण फायनल आधीही हरलोय. तुमच्या सिद्धांताला एक पुरावा फुकट.

केनिंग्टनकर | १३ जून २०२३

त्या सामन्याची खेळपट्टी पाटा होती, अवलिया. तो पुरावा मी घेणार नाही. आमिरने पहिल्या स्पेलमध्ये रोहित, कोहली, शिखर काढले त्यात महिन्याचा संबंध नाही, तो नुसता चांगला गोलंदाज होता.

खडूस, लायनचे चार बळी मान्य. पण ते कधी? रोहितचा सोडला तर बाकीचे तीन सामना हातातून गेल्यावर. शेवटच्या दिवशी ७ गडी राखून २८० हव्या होत्या, कोहली-रहाणे नाबाद. बोलंडने एकाच षटकात कोहली आणि जडेजा काढले, दुसऱ्या स्लिपमध्ये स्मिथने झेप घेऊन पकडला तो झेल बघितलास ना? तिथे संपलं. लायनने नंतर शेपूट आवरलं. अश्विन हवाच होता, यात वाद नाही. पण तो असता तर जिंकलो असतो हे मला पटत नाही. ४६९ दिल्यावर कोणीही असता तरी हीच गत.

खडूस_दादरकर | १३ जून २०२३

४६९ दिल्या *कारण* अश्विन नव्हता. हेड डावखुरा आहे राव!! वॉर्नर, ख्वाजा, हेड, केरी... अर्धा संघ डावखुरा. अजून काय पत्रिका छापून द्यायची?

जुनी_वही | १४ जून २०२३

तुमचं अश्विन-अश्विन चालू दे. मी सत्तरीच्या पुढची बाई, मला एकाहत्तर आठवतं ते सांगते.

त्या वर्षी गणेश चतुर्थी २४ ऑगस्टला होती आणि त्याच दिवशी ओव्हलच्या कसोटीचा शेवटचा दिवस. जिंकायला १७३ हव्या होत्या. आमच्याकडे गिरगावात मूर्ती बसली, नैवेद्य झाला, आणि दुपारपासून घरातले सगळे पुरुष ट्रान्झिस्टरभोवती. सकाळच्या खेळात वाडेकर धावचीत झाला (४५ वर) तेव्हा आमचे सासरे म्हणाले, संपलं. पण सरदेसाई होता, विश्वनाथ होता. सरदेसाई मडगावचा, मुंबईत येऊन पुरता मुंबईकर झालेला. पहिल्या डावात ५४, दुसऱ्यात ४०. आणि आबिद अलीने विजयाचा चौकार मारला तेव्हा आमच्याकडे दिवेलागण व्हायला आली होती. आरतीला त्या दिवशी शेजारचे ख्रिश्चन बिऱ्हाडही आलं.

नंतर वाचलं की वाडेकर बाद झाल्यावर ड्रेसिंग रूममध्ये चक्क झोपला होता, आणि केन बॅरिंग्टनने येऊन उठवून सांगितलं की जिंकलात. आणि चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणून लोकांनी ओव्हलवर फिरवली! लंडनमध्ये, गणेश चतुर्थीला, हत्ती. यापुढे मी काय लिहू.

एकनाथ सोलकरला विसरू नका. पहिल्या डावात ४४ होत्याच, पण दुसऱ्या डावात त्याने शॉर्ट लेगला पुढे झेपावून नॉटचा झेल घेतला नसता तर इंग्लंड १०१ मध्ये आटोपलं नसतं. हिंदू जिमखान्यावरच्या माळ्याचा मुलगा तो.

ऑरेंजसिटी | १४ जून २०२३

काकू, _/\_

पालघरची_पोर | १४ जून २०२३

काकू अजून लिहा ना. ट्रान्झिस्टरवर इंग्रजी कॉमेंट्री कळायची का सगळ्यांना?

जुनी_वही | १४ जून २०२३

अगं, 'आउट' आणि 'फोर' कळलं की बाकी सासरे सांगायचे. त्यांना तरी कितीसं कळायचं देव जाणे, पण सांगायचे असे की जणू स्वतः स्लिपमध्ये उभे आहेत.

सेंटरफॉरवर्ड | १४ जून २०२३

क्रिकेटवाल्यांच्या घरात फुटबॉलवाला घुसतोय, चालवून घ्या. 'ओव्हलवर फायनल' म्हटलं की आमच्या लोकांना २०२३ नाही, १८७२ आठवतं. एफए कपची पहिलीवहिली फायनल तिथेच झाली, १६ मार्च १८७२. वॉन्डरर्सने रॉयल इंजिनिअर्सना १-० ने हरवलं. पुढे १८७४ ते १८९२ दरवर्षी फायनल ओव्हललाच.

यामागे एकच माणूस: सी. डब्ल्यू. ऑल्कॉक. फुटबॉल असोसिएशनचा सचिव, शिवाय सरे काउंटी क्लबचा सचिव, शिवाय पहिली फायनल जिंकणाऱ्या वॉन्डरर्सचा कप्तान. स्पर्धा याची कल्पना, मैदान याच्या क्लबचं आणि कपही याच्याच हातात. आजच्या भाषेत हितसंबंधांचा कळस! १८८० ची ती पहिली कसोटीही याच्याच खटपटीतून झाली. इंग्लंडमधला पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामनाही ओव्हललाच, १८७२ मध्येच.

म्हणजे एका काउंटी क्लबने आपलं मैदान भाड्याने देऊन फायनल भरवायची ही चाल दीडशे वर्षं जुनी आहे. क्लबला पैसा हवा होता, हिवाळ्यात मैदान रिकामं पडायचं. नंतर क्रिकेटच्या खेळपट्टीची वाट लागते म्हणून फुटबॉलला बाहेर काढलं.

बाकी ओव्हलवर फुटबॉल भारताला १९४६ मध्येही नडला. विजय मर्चंट १२८ वर खेळत होते, धाव घेताना डेनिस कॉम्प्टनने चेंडू हाताने उचलायच्या ऐवजी पायाने यष्टीवर मारला. धावचीत. कॉम्प्टन आर्सेनलचा विंगर होता.

आकडेमोड्या | १४ जून २०२३

१९४६ चा विषय निघालाच आहे तर केनिंग्टनकरांच्या सिद्धांताला मोठं भगदाड पाडतो.

मे १९४६. जून नव्हे, *मे*. ओव्हल. भारत विरुद्ध सरे, म्हणजे साक्षात यजमान क्लब. भारत ९ बाद २०५. दहाव्या नंबरला चंदू सरवटे, अकराव्याला शुटे बॅनर्जी. दोघांनी शेवटच्या गड्यासाठी २४९ जोडल्या. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. प्रथम श्रेणीत दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या दोघांनी एकाच डावात शतकं काढल्याचं हे एकमेव उदाहरण. धावफलक ४५४. भारत नऊ गडी राखून जिंकला.

सरवटे सागरचे, मराठी घरातले, पुढे होळकर संघाचा कणा. युद्धानंतरचं पहिलं इंग्लिश मोसम, ओला मे महिना, आणि शेपटाने अडीचशे. आता बोला जूनबद्दल.

केनिंग्टनकर | १४ जून २०२३

हे भारी आहे, पण पुरावा म्हणून कच्चं. सरेची माणसं सहा वर्षांच्या युद्धातून नुकती परतलेली, गोलंदाज थकलेले. आणि अकराव्या नंबरची शतकं बघून कोणी खेळपट्टीचा नियम काढत नाही.

आकडेमोड्या | १४ जून २०२३

पुरावा आवडला नाही की 'अपवाद', आवडला की 'नियम'. चालू द्या.

नवखा_०७ | १४ जून २०२३

मध्येच एक प्रश्न. टीव्हीवर स्टँडच्या मागे ते मोठे गोल लोखंडी सांगाडे दिसतात ते काय आहे? स्टेडियमचाच भाग का?

केनिंग्टनकर | १४ जून २०२३

नाही रे, ते गॅसच्या टाक्यांचे सांगाडे. एकोणिसाव्या शतकात शहराला दिव्यांसाठी, चुलींसाठी गॅस पुरवायचे तेव्हाचे. आत टाकी वर-खाली व्हायची, गॅस भरला की वर. त्यातल्या सगळ्यात मोठ्याला वारसा वास्तूचा दर्जा मिळाला, म्हणून पाडता आला नाही. आता त्या सांगाड्याच्या पोटात गोल इमारत बांधून फ्लॅट केलेत. बाल्कनीतून सामना फुकट, फ्लॅटची किंमत सोडून.

कधी आलास तर व्हॉक्सहॉलकडून चालत ये, रेल्वेच्या कमानींखालून. आणि परत जाताना ओव्हल ट्यूब स्टेशनवर पांढऱ्या फळ्यावर रोज कोणीतरी एक सुविचार लिहितं, तो वाच. शाळेतल्यासारखा.

व्यवस्थापक | १५ जून २०२३

निवड समितीवरचे दोन प्रतिसाद काढले आहेत. वैयक्तिक चिखलफेक नको. धागा ओव्हलचा आहे.

गंगाधर_टिपरे_फॅन | १६ जून २०२३

रोहित म्हणाला की फायनल तीन सामन्यांची असावी, आणि दर वेळी जूनच का, इंग्लंडच का. कमिन्सचं उत्तर साधारण असं की ऑलिम्पिकवालेही एकाच शर्यतीत सुवर्णपदक जिंकतात. मला दोघांचंही पटलं. काय करायचं?

खडूस_दादरकर | १६ जून २०२३

हरलेला कप्तान नियम बदला म्हणतो, जिंकलेला म्हणतो नियम उत्तम आहेत. यात पटण्यासारखं काय आहे.

---

ऑरेंजसिटी | ५ ऑगस्ट २०२५

धागा वर काढतोय. का ते सांगायची गरज आहे???

ओव्हलवर इंग्लंडला सहा धावांनी हरवलं!!! स-हा!!!

पालघरची_पोर | ५ ऑगस्ट २०२५

काल ऑफिसमध्ये मीटिंग चालू होती, फोन टेबलाखाली. इंग्लंडला ३५ हव्या, ४ गडी हातात. पहिल्या दोन चेंडूंवर ओव्हरटनचे दोन चौकार, मी मनात सामना सोडला. मग सिराज. सिराज. सिराज. वोक्स एक हात गळ्यात बांधून स्वेटरखाली लपवून बॅटिंगला आला तेव्हा मीटिंगमधले साहेबच म्हणाले, स्क्रीनवर लावा ते.

आकडेमोड्या | ५ ऑगस्ट २०२५

नोंदीसाठी: भारत २२४ आणि ३९६, इंग्लंड २४७ आणि ३६७. जैस्वाल ११८. नाइट वॉचमन (दिवसअखेर मुख्य फलंदाजाऐवजी पाठवलेला) आकाशदीप ६६! सिराज १०४ धावांत ५, प्रसिध १२६ धावांत ४. ब्रूक आणि रूट दोघांची शतकं होऊनही इंग्लंड हरलं. धावांच्या फरकात भारताचा कसोटीतला सगळ्यात निसटता विजय.

केनिंग्टनकरांच्या आधी मीच म्हणतो: तारीख ४ ऑगस्ट.

केनिंग्टनकर | ५ ऑगस्ट २०२५

धन्यवाद, माझं काम केलंत. :)

पण खरी मजा वेगळीच. इंग्लंडच्या संघात सरेचे चार जण होते: पोप (स्टोक्स जायबंदी म्हणून कप्तान), जेमी स्मिथ, अॅटकिन्सन आणि ओव्हरटन. घरचं मैदान म्हणजे काय ते यांनाच माहीत. आणि शेवटच्या सकाळी सिराजने काढले ते तिघं कोण? स्मिथ, ओव्हरटन, अॅटकिन्सन. शेवटचा यॉर्कर अॅटकिन्सनच्या ऑफ स्टंपवर. तिघंही सरेचे, आपल्याच अंगणात.

त्या सामन्याआधी आपला कोच गौतम गंभीर आणि मैदानाचा मुख्य क्युरेटर (खेळपट्टी सांभाळणारा) यांची चौकावर तू-तू मैं-मैं झाली तीही याच मालकी हक्काची. क्युरेटरच्या दृष्टीने तो चौक सरेचा, पाहुण्यांनी लांबून बघायचं. गंभीरच्या दृष्टीने स्पाइक्स न घालता खेळपट्टी बघायला कोण अडवतो. मला विचाराल तर माळी आणि कोच यांच्यात भांडण होणं हे खेळ जिवंत असल्याचं लक्षण.

खडूस_दादरकर | ६ ऑगस्ट २०२५

विजयाबद्दल अभिनंदन सगळ्यांचं. जुना हिशेब मात्र तसाच आहे. ते असो.

आता पुढचं बोला. आयसीसीने २०२७, २०२९, २०३१ तिन्ही फायनल इंग्लंडलाच दिल्यात. यंदाची लॉर्ड्सला झाली, दक्षिण आफ्रिका जिंकली, आपण तिथे नव्हतोच. केनिंग्टनकर, तुमच्या मते कुठे आणि कधी?

केनिंग्टनकर | ६ ऑगस्ट २०२५

ओव्हल, सप्टेंबरचा दुसरा आठवडा. अजून काही?

अवलिया | ६ ऑगस्ट २०२५

होणार नाही. स्पर्धेचं चक्र मार्च-एप्रिलमध्ये संपतं, सप्टेंबरपर्यंत थांबायचं म्हणजे सहा महिने. तोवर पुढच्या चक्राचे सामने सुरू झालेले असतात. शिवाय सप्टेंबरात काउंटी चॅम्पियनशिपच्या निर्णायक फेऱ्या असतात. सरे २०२२, २०२३, २०२४ अशी ओळीने तीन वर्षं चॅम्पियन. त्यांचे सभासद वर्षभर त्या शेवटच्या सामन्यांची वाट बघतात. त्यांना सांगणार का, तुमचं मैदान पंधरा दिवस आयसीसीला द्या आणि तुम्ही गिल्डफर्डला खेळा?

केनिंग्टनकर | ६ ऑगस्ट २०२५

सभासदांना विचारून बघा. फायनलच्या तिकिटात सवलत मिळणार असेल तर गिल्डफर्डलाही जातील. तिथे तंबूत बिअर चांगली मिळते.

नवखा_०७ | ६ ऑगस्ट २०२५

पण मुळात इंग्लंडच का? वानखेडेवर का नाही? आपण पैसे देतो, आपण गर्दी करतो.

आकडेमोड्या | ६ ऑगस्ट २०२५

कारण कॅलेंडर. आयपीएल मेअखेर संपते. त्याच्या पुढेमागे सगळ्या देशांचे खेळाडू मोकळे मिळतील अशी खिडकी म्हणजे जून. जूनमध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिकेत हिवाळा. आपल्याकडे पाऊस. राहिलं इंग्लंड. २०२१ ला कोविडमुळे साउदॅम्प्टनला झाली ती हॅम्पशायरच्या मैदानाला लागूनच हॉटेल आहे म्हणून, तीही जूनमध्येच, आणि तिथेही दोन दिवस पूर्ण वाहून गेले. राखीव दिवस होता म्हणून निकाल लागला.

नवखा_०७ | ६ ऑगस्ट २०२५

मग आयपीएल मागे-पुढे करा ना.

गंगाधर_टिपरे_फॅन | ६ ऑगस्ट २०२५

हाहाहाहा. बाळा, वय काय तुझं?

जुनी_वही | ७ ऑगस्ट २०२५

वानखेडेवर जूनमध्ये घ्या की खुशाल. वाडेकर, सोलकर, गावसकर सगळे कांगा लीगच्या चिखलातच घडले. पावसात झाकण न घातलेल्या खेळपट्टीवर, पँट पोटरीपर्यंत लाल. ऑस्ट्रेलियाला बोलवा आझाद मैदानावर जुलैच्या रविवारी, बघू हेड किती करतो.

खडूस_दादरकर | ७ ऑगस्ट २०२५

काकूंना निवड समितीवर घ्या. आणि मी छत्री धरतो.